ल्युपसमधलं दुखणं : गोळी कोणती, किती आणि केव्हा नको

घरातलं अंगदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, पुष्कळदा जोडीला सेराशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम. घेणाऱ्याच्या लेखी ती एक गोळी असते, पण पोटात दोन-तीन औषधं जातात. ताप आला म्हणून वर ६५० ची पॅरासिटामॉल आणि सर्दी झाली म्हणून आणखी एक मिश्र गोळी घेतली, की तेच औषध तीन वाटांनी शरीरात जातं. निरोगी माणसाचं यातून बहुतेकदा निभावतं. ल्युपस असलेल्या माणसाचं निभावेलच असं नाही.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना हा आजार १५ ते ४५ या वयात गाठतो. सांधे दुखणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. पण ल्युपसमधलं दुखणं एका जातीचं नसतं. ते सांध्याच्या सुजेचं असू शकतं, नसेचं असू शकतं, फायब्रोमायल्जियाचं (सूज नसताना सगळं अंग दुखण्याच्या आजाराचं) असू शकतं किंवा स्टेरॉइडमुळे खराब झालेल्या हाडाचंही. या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. सगळ्यांवर एकच पेनकिलर चालवली, तर दुखणं राहतंच आणि गोळ्यांची संख्या वाढत जाते.

सुजेचं दुखणं ओळखता येतं. सकाळी मूठ वळत नाही, बोटं आखडलेली असतात, हात चालवत राहिलं की अर्ध्या-पाऊण तासाने सैल पडतात. सांधा हाताला गरम लागतो, फुगलेला दिसतो. ल्युपस सहसा आमवातासारखा हाडं कुरतडत नाही, त्यामुळे एक्स-रे बहुधा साफ येतो. एवढ्यावरून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं रुग्णाला सांगणं चूक आहे. दुखणं खरं असतं, फक्त ते एक्स-रेत दिसण्याच्या जातीचं नसतं.

अशा दुखण्यावर आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी औषधं चांगली लागू पडतात. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं दाह आणि ठणका वाढवतात, आणि ही औषधं त्यांची निर्मिती रोखतात. अडचण अशी की तीच रसायनं मूत्रपिंड आणि जठर सांभाळण्याचंही काम करतात.

मूत्रपिंडाच्या प्रत्येक गाळणीला, वाफ्याला असावीत तशी, दोन दारं असतात. एकातून रक्त आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. रक्तपुरवठा कमी पडू लागला की प्रोस्टाग्लँडिन आत येणारं दार रुंद करून गाळणीतला दाब टिकवतात. पेनकिलर घेतली की ते दार आवळतं. ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आली असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील, तर रॅमिप्रिल, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी बहुधा चालू असते. तिचा उपयोगच बाहेरचं दार सैल करून दाब कमी करण्यासाठी होतो. पायांवरची सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी असेल, तर रक्तातलं पाणीही घटलेलं असतं. आत येणारं दार आवळलेलं, बाहेरचं सैल आणि पाटालाच पाणी कमी. या तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात साठणारं द्रव्य, काही दिवसांत चढू शकतं. जुलाब-उलट्या होत असतील किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं जात असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून ल्युपसने मूत्रपिंडाला बाधा झाली असेल, तर ही औषधं टाळायची. दुकानातून परस्पर तर कधीच आणायची नाहीत. मूत्रपिंड चांगलं असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिली असतील, तर कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस, जेवणानंतर. जास्त दिवस लागणार असतील तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्यावा. लघवीला न विरणारा फेस, घोट्यावर बोट दाबलं तर राहणारा खळगा, लघवीचं प्रमाण कमी होणं, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवा.

जठराची गोष्टही अशीच. स्टेरॉइड आणि सुजेवरची पेनकिलर एकत्र चालू असतील, तर अल्सरचा धोका एकट्या पेनकिलरपेक्षा बराच वाढतो. म्हणून सोबत पँटोप्राझोलसारखी गोळी देतात, ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. डांबरासारखी काळी शौच होणं ही रक्तस्रावाची खूण आहे. काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्यांना कारण ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतात, म्हणून त्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असते. आयबुप्रोफेन आधी घेतली तर ती ॲस्पिरिनची जागा अडवते आणि गुठळीपासूनचं संरक्षण कमी होतं. साधी ॲस्पिरिन आयबुप्रोफेनच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी, आणि रोज दोन्ही लागत असतील तर डॉक्टरांकडून दुसरा पर्याय मागावा. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकूमरॉल हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर सुजेवरची पेनकिलर नकोच.

एक गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण ल्युपसमध्ये ती इतरांपेक्षा जास्त दिसते. आयबुप्रोफेन घेतल्यावर काही तासांत जोराची डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणं. मेंदूच्या आवरणाला जंतूंशिवाय आलेली ही सूज औषध थांबवलं की उतरते. मात्र जंतुसंसर्गाचा मेंदूज्वरही अगदी असाच दिसतो, तेव्हा घरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं आणि कोणती गोळी केव्हा घेतली ते सांगायचं.

एक-दोनच सांधे दुखत असतील, तर डायक्लोफिनॅकचं जेल हा चांगला मार्ग आहे. गोळीच्या मानाने त्याचा जेमतेम सहा टक्के अंश रक्तात उतरतो. ‘जेलने काही होत नाही’ असं म्हणणारे बहुधा वाटाण्याएवढं लावत असतात. १ टक्का जेलची मात्रा मनगट किंवा कोपरासाठी २ ग्रॅम आणि गुडघ्यासाठी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. म्हणजे एका गुडघ्याला ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपते.

पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही, पण मूत्रपिंड आणि जठराला ती पुष्कळ सौम्य आहे. म्हणून ल्युपसमध्ये पहिला हात तिच्याकडे जावा. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, तर दिवसाला किलोमागे ६० मिलिग्रॅम धरावं. ४५ किलोच्या बाईला ते २७०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे ६५० च्या चार गोळ्या, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असेल, दारू चालू असेल, तर याहूनही कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि हा हिशेब मिश्र गोळ्यांतलं ३२५ आणि सर्दीच्या गोळीतलं ५०० धरूनच करायचा. आणखी एक सावधगिरी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना आलेला ताप पॅरासिटामॉलने झाकत बसू नये, तो संसर्गाचा असू शकतो.

इथवरची सगळी औषधं तात्पुरती. दुखण्याचं मूळ धरणारं औषध म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते मुळात मलेरियावरच्या औषधांच्या कुळातलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच कुळातलं मेपाक्रिन घेणाऱ्या सैनिकांचे चट्टे आणि सांधे सुधारलेले दिसले, आणि १९५१ मध्ये ल्युपसवरचा त्याचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. मात्रा दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. ६० किलो वजनाला ३०० होतं. ते कधी एक दिवस २०० आणि दुसऱ्या दिवशी ४०० असंही लिहून देतात. हे चालतं, कारण शरीरातलं औषध निम्मं व्हायला चाळीसेक दिवस लागतात. याच कारणाने गुण यायलाही दोन-तीन महिने, कधी जास्त लागतात. महिन्याभरात ‘फरक नाही’ म्हणून ते सोडणारे नुकसान करून घेतात, आणि बरं वाटतंय म्हणून सोडणारेही. १९९१ मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासात स्थिर रुग्णांपैकी ज्यांचं हे औषध काढून घेतलं, त्यांच्यात आजार उसळण्याचा धोका अडीच पट झाला. डोळ्यांची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. मूत्रपिंड अधू असेल तर दर वर्षीची तपासणी आधीच सुरू करावी लागते. ॲसिडिटीचं पातळ औषध आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवावं.

सांधे तरीही शांत होत नसतील तर मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘रविवार’, आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. गर्भ राहू द्यायचा असेल तर हे औषध आधीच थांबवावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणात चालू ठेवतात. सुजेवरच्या पेनकिलर २० व्या आठवड्यानंतर टाळायच्या, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि गर्भजल कमी होतं.

स्टेरॉइडने एका रात्रीत बरं वाटतं, आणि धोकाही तिथेच आहे. नावं वेगळी असली तरी वजनं जुळवता येतात : प्रेडनिसोलोन ५, मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६ आणि डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम साधारण सारखे. हल्ली उद्दिष्ट असतं की दीर्घकाळ चालणारी मात्रा दिवसाला प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली असावी, आणि शक्य असेल तिथे हळूहळू बंदच व्हावी. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडू नये. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा उतरवताना काही दिवस अंग मोडून येतं, सांधे दुखतात. ल्युपस उसळला असं वाटतं, पण सूज नसेल आणि लघवी-रक्ताच्या तपासण्या स्थिर असतील, तर घाईने मात्रा वाढवू नये.

हीच घाई फायब्रोमायल्जियात सर्वाधिक होते. ल्युपसच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकीला तोही असतो. सांधा सुजलेला नसतो, पण मान, खांदे, पाठ, मांड्या सगळंच दुखतं, झोपून उठल्यावरही थकवा जात नाही. इथे दुखण्याचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते. स्टेरॉइड वाढवून याला गुण येत नाही, फक्त वजन आणि साखर वाढते. यावर रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन, किंवा ड्युलोक्सेटिन ३० पासून ६० पर्यंत, किंवा प्रीगाबालिन देतात, आणि रोजचं चालणं याच्या बरोबरीने मोजलं जातं. या गोळ्यांचा परिणाम दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड-डोळे कोरडे पडतात, ते ज्यांचे आधीच कोरडे असतात त्यांना ती नकोशी होते. प्रीगाबालिनची मात्रा मूत्रपिंड अधू असेल तर कमी करावी लागते. पायाला आग, मुंग्या, विजेसारखी चमक येणाऱ्या नसांच्या दुखण्यावरही हीच औषधं. ट्रामाडोल मात्र इथे जपून. ड्युलोक्सेटिनसोबत घेतलं तर घाम, थरथर, बेचैनी, झटके येऊ शकतात, आणि सवयही लागते. भारतात २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

काही दुखणी पेनकिलरने झाकणं म्हणजे वेळ गमावणं. स्टेरॉइडचे मोठे डोस झालेल्या माणसाला चालताना जांघेत कळ येऊ लागली, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीचे काही महिने एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये ते आधी दिसतं. एका बाजूला पट्टा ओढल्यासारखी आग आणि मग पुरळ म्हणजे नागीण. लेप लावून घेण्यात दिवस घालवू नका, विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर पुरळ लवकर बरं होतं आणि दुखणं कमी काळ राहतं. पोटरी एकाच पायाची सुजून दुखणं किंवा श्वास घेताना छातीत टोचून धाप लागणं, यांत गुठळीची शंका आधी घ्यायची.

शेवटी झाडपाल्याचं. चाऱ्यासाठी लावला जाणारा लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा. त्याचं टॉनिक आणि गोळ्या अशक्तपणावर मिळतात, पण त्यातलं कॅनाव्हनिन हे अमिनो आम्ल ल्युपस चाळवू शकतं. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवायला घेतात. इथे अडचण ती शक्ती कमी असण्याची नाहीच. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि काहींची इजा स्वयंप्रतिकार आजाराच्या धाटणीची होती. बिननावाच्या पुडीने तीन दिवसांत सांधे मोकळे झाले, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ती सुरू असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांसमोर ठेवा, आणि ती एकदम बंद करायची की उतरवत न्यायची, हे त्यांना ठरवू द्या.