43 सेकंदांत 95 मजले

चीनमधल्या ग्वांगझू शहरात सीटीएफ फायनान्स सेंटर नावाची 530 मीटर उंच इमारत आहे. तिथली हिताची कंपनीची लिफ्ट पहिल्या मजल्यावरून 95व्या मजल्यावर, म्हणजे 440 मीटर वर, साधारण 43 सेकंदांत जावी अशी आखणी होती. कमाल वेग मिनिटाला 1200 मीटर. पुढे चाचणीत तिने 1260 मीटर गाठले, म्हणजे ताशी सुमारे 75 किलोमीटर. आपल्याकडच्या सात-आठ मजली सोसायटीतली लिफ्ट सेकंदाला जेमतेम मीटरभर चढते. ही 21 मीटर.

आता जरा हिशेब करून पाहा. 440 मीटरला 43 सेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला 10 मीटर. कमाल वेगाच्या निम्मीच! जवळजवळ सगळा प्रवास वेग वाढवण्यात आणि मग तो कमी करण्यात जातो; कमाल वेग टिकतो दोन-तीन सेकंद. याहून ताकदीची मोटर बसवता येईल, पण आत माणसं उभी असतात. दर सेकंदाला वेग साधारण एक मीटरने वाढला, तर पायांवर थोडा भार जाणवतो इतकंच. फार घाई केली की पोटात गोळा येतो.

हा वेग जपानी कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने कमावला. 1993 मध्ये योकोहामाच्या लँडमार्क टॉवरमध्ये मित्सुबिशीने मिनिटाला 750 मीटर गाठले. 2004 मध्ये तैवानमधल्या ‘तैपेई 101’ या इमारतीत तोशिबाने 1010 मीटर गाठत पाचव्या मजल्यावरून 89व्यावर 37 सेकंदांत नेऊन दाखवलं. मग शांघाय टॉवरमध्ये पुन्हा मित्सुबिशी, 1230 मीटर. केवळ लिफ्टच्या चाचण्यांसाठी हिताचीने 2010 मध्ये जपानमध्ये 213 मीटरचा मनोराच उभारला.

यातला सर्वात सुंदर प्रश्न मला कानाचा वाटतो. 440 मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे पाच टक्के कमी होतो. घाट चढताना हा बदल सावकाश होतो, इथे पाऊण मिनिटात. वर जाताना मध्यकर्णातली जादा हवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा वाढता दाब ती नळी मिटवून ठेवतो, आवंढा गिळल्याशिवाय ती उघडत नाही आणि कानाला दडे बसतात. म्हणून तैपेईच्या लिफ्टमध्ये आतला दाब हळूहळू बदलणारी यंत्रणा बसवली. तरीही ती उतरते मिनिटाला 600 मीटरनेच.

ब्रेकचं गणित आणखी कठोर आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि आणीबाणीत ती सगळी रुळांना चिमटा घेणाऱ्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. साधा धातू तिथे तग धरत नाही, म्हणून सिरॅमिक वापरतात.

उंची मात्र दोरावर अडते. पोलादी दोर 500 मीटरच्या पुढे स्वतःच्याच वजनाने इतका जड होतो की तो ओढण्यातच बरीच ताकद खर्ची पडते. फिनलंडच्या कोने कंपनीने 2013 मध्ये कार्बन फायबरचा हलका पट्टा आणला. त्यावर एका दमात 1000 मीटर चढता येईल, असा कंपनीचा दावा आहे.