मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून काढताना: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

किडनीतली लघवी मूत्राशयात आणणारी मूत्रवाहिनी साधारण 25 ते 30 सेंमी लांब आणि आतून जेमतेम 3–4 मिमी रुंद असते. मुतखडा बहुधा तिच्या तीन अरुंद जागी अडकतो: किडनीतून निघताना, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना.

5 मिमीपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, त्यामुळे काही आठवडे औषधांवर थांबता येते. मात्र कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नाही. अडथळा तसाच राहून दुखणे थांबू शकते आणि किडनी आतल्या आत सुजत राहते. म्हणून दुखत नसले तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी कराच. हुलग्याचे पाणी किंवा पानफुटीची पाने यांनी अडकलेला 9–10 मिमीचा खडा विरघळत नाही. थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबत नाहीत किंवा किडनी एकच आहे, अशा वेळी वाट पाहूच नये.

आधी साधा (डायशिवाय) सीटी स्कॅन आणि लघवीचे कल्चर (जंतू आहेत का याची तपासणी) करतो. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर त्या दिवशी फक्त स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी मऊ नळी) टाकतो, खडा नंतर काढतो. ‘दोनदा भूल कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. दुर्बिणीतून सलाइन दाबाने सोडावे लागते. संसर्ग असताना तसे केले तर जंतू थेट रक्तात जातात आणि जिवावर बेतते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. घन आहार 6 तास आधी बंद.

भूल कमरेतून किंवा पूर्ण. पोटावर कुठेही चीर नाही, टाके नाहीत. लघवीच्या मार्गाने दुर्बीण मूत्राशयात नेतो आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत खड्याच्या शेजारून किडनीपर्यंत बारीक गाइडवायर सरकवतो. पुढे काही बिनसले तर वाट सापडावी म्हणून ही तार शेवटपर्यंत तिथेच ठेवतो. मग दोन-अडीच मिमी जाडीची दुर्बीण खड्यापर्यंत नेऊन होल्मियम लेसरने त्याचा भुगा करतो. मोठे तुकडे जाळीच्या बास्केटने काढतो, बारीक वाळू लघवीवाटे पडते.

कधी मूत्रवाहिनीच इतकी अरुंद असते की दुर्बीण आत जात नाही. तेव्हा जोर लावला तर ती फाटू शकते. स्टेंट टाकून थांबणे हेच शहाणपणाचे. एक-दोन आठवड्यांत ती सैल होते. दुसरी अडचण, खडा पाण्याच्या झोताने वर किडनीत सरकणे. त्यासाठी लवचीक दुर्बीण लागते आणि खर्च वाढतो, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्या.

शेवटी बऱ्याचदा डीजे स्टेंट ठेवतो: सुमारे 26 सेंमी लांबीची, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. सूज असतानाही लघवी वाहती राहावी म्हणून ती असते. ती आहे तोवर सारखी लघवीची भावना, लघवी करताना बरगडीखाली कळ आणि चालल्यावर गुलाबीसर लघवी हे होतेच. पाणी वाढवा, दिलेल्या गोळ्या घ्या. सहसा एक ते तीन आठवड्यांत ती काढतो. सुन्न करणारी जेली लावून काही मिनिटांचे काम.

तक्रारी कमी झाल्या की लोक येतच नाहीत, आणि खरी गफलत इथेच होते. काही महिने राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचतात, तो ओढून निघत नाही आणि त्याच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. स्टेंट कार्डावरची, तो काढण्याची तारीख घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही टाकून ठेवा.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी लगेच या, येताना कार्ड आणा. पडलेला तुकडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवा, तपासणीला पाठवू.