कांदोळीचा कट, १८७५ चे पुस्तक आणि त्यामागचा इतिहास

१८७५ साली पणजीच्या, म्हणजे त्या काळच्या नोव्हा गोवा शहराच्या सरकारी छापखान्यातून एक पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ 'गोव्यातील १७८७ चा कट आणि त्या काळातील विविध गोष्टी' असा होतो. लेखक होते जोआकिम एलिओदोरो द कुन्हा रिव्हारा. जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांना त्याची मूळ प्रत दुर्मीळ म्हणून हवी असते. गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी टाळता येत नाही. 'पिंटोंचे बंड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणाविषयी पुढच्या पिढ्यांनी जे काही लिहिले, त्यातील बराचसा भाग या एका पुस्तकाच्या आधाराने लिहिला आहे. म्हणून कट समजून घेण्याआधी पुस्तक कसे घडले हे पाहणे आवश्यक आहे.

घटना १७८७ ची आणि पुस्तक १८७५ चे, म्हणजे मध्ये ८८ वर्षांचे अंतर आहे. या अंतराचे एक साधे कारण असे की कट उघडकीस आला तेव्हा गोव्यात छापखानाच नव्हता. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस ही परंपरा थांबली आणि १७५४ मध्ये पोर्तुगालच्या दरबाराने गोव्यात छापखाना चालवण्यास मनाईच केली. त्यानंतर मुद्रण पुन्हा सुरू झाले ते १८२१ मध्ये. त्यामुळे १७८७ च्या अटका, जबान्या, निकाल आणि शिक्षा यांचा कोणताही छापील वृत्तांत गोव्यात त्या वेळी निघू शकला नाही. आरोपींना आपली बाजू लोकांपुढे मांडण्याचे साधन नव्हते, आणि सरकारी बाजूही दप्तरातील हस्तलिखितांतच राहिली. जवळजवळ एका शतकानंतर रिव्हारांनी ते दप्तर उघडले.

कटाची ढोबळ हकीकत अशी सांगितली जाते. बार्देशातील कांदोळी गावच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने काही स्थानिक ख्रिस्ती पाद्री आणि सैन्यातील काही स्थानिक अधिकारी एकत्र आले. पणजीचे पाद्री कायतान फ्रान्सिस्को कुतो आणि दिवाडीचे पाद्री जुझे आंतोनियो गोन्साल्विस यांची नावे त्यात प्रमुख होती. पोर्तुगीज सत्ता उलथून गोव्याचा कारभार गोवेकरांच्या हाती घ्यावा, असा त्यांचा बेत होता. १७८७ च्या ऑगस्टमध्ये, बेत अमलात येण्यापूर्वीच, त्याची खबर सरकारला लागली. सैनिकांच्या पावात विष कालवण्यासाठी एका पोदेराला, म्हणजे पाव भाजणाऱ्याला, गळ घालण्यात आली आणि त्यानेच सरकारला कळवले, अशीही एक गोष्ट प्रचलित आहे. एकूण ४७ जणांना पकडण्यात आले. त्यांत १७ पाद्री आणि सात लष्करी अधिकारी होते. गोन्साल्विस मात्र निसटले आणि इंग्रजांच्या मुलखात गेले, असे सांगितले जाते.

आता प्रश्न असा, की ज्या पिंटो घराण्याला १७७० मध्ये पोर्तुगालच्या राजाने कुलचिन्ह बहाल केले होते, त्या घराण्याच्या दारात राजद्रोहाचा कट कसा शिजला? धर्माने कॅथलिक, शिक्षणाने लॅटिन आणि पोर्तुगीज येणारा, राज्यव्यवस्थेत काही मान असलेला वर्ग बंडाला उभा राहिला, याचे मूळ गोव्याच्या चर्चमध्ये शोधावे लागते.

पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या 'पाद्रोआदो' नावाच्या अधिकारामुळे पूर्वेकडील बिशपांची निवड राजाच्या हाती होती. गोव्यातील बामण आणि चार्डो या वरच्या ख्रिस्ती जातींच्या कुटुंबांतून शेकडो पाद्री तयार होत; ते लॅटिनमध्ये प्रवीण असत, दूरदूरच्या गावांत चाकरी करत, पण वरच्या पदांवर युरोपियनांचीच नेमणूक होई. ही तक्रार १७८७ मध्ये नवी नव्हती. तिच्या दीडशे वर्षे आधी दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात दाद मिळाली नाही म्हणून ते थेट रोमला गेले, तेथे १६३७ मध्ये बिशप झाले आणि परतल्यावर पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखात, डिचोलीत राहून गोव्याच्या सत्तेशी झगडत राहिले. त्यांच्यावरही गोवा उलथण्याच्या कारस्थानाचा आरोप झाला होता. गोन्साल्विस याच दिवाडीचे होते, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र परिस्थिती एका बाबतीत बदलली. पोर्तुगालचा प्रबळ मंत्री मार्केस द पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइट पंथाच्या पाद्रींना हद्दपार केले आणि २ एप्रिल १७६१ च्या फर्मानाने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांइतकेच मान आणि हक्क असल्याचे जाहीर केले. त्यांना हिणकस नावाने संबोधणाऱ्यांना शिक्षाही ठरवली. १७६० च्या दशकातच बार्देशातील चर्चे फ्रान्सिस्कन मठवासीयांकडून काढून स्थानिक पाद्रींकडे सोपवण्यात आली. १७७४ मध्ये समानतेच्या या आज्ञांचा पुनरुच्चार झाला आणि त्याच वर्षी गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालयही, बंद करण्यात आले. माझ्या मते या प्रकरणाची खरी किल्ली येथे आहे. कायद्याने समानता मिळाली आणि ती कागदावर सर्वांनी वाचली. मग १७७७ मध्ये राजा वारला, पोंबाल सत्तेवरून गेला, आणि राणी मारिया पहिली हिच्या कारकिर्दीत वारे उलट फिरले. इन्क्विझिशन १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले. हक्क कधीच न मिळालेल्या माणसापेक्षा, मिळालेला हक्क डोळ्यांदेखत काढून घेतला गेलेला माणूस अधिक चिडतो. कांदोळीत जमलेल्या मंडळींचा संताप या जातीचा होता.

कुतो आणि गोन्साल्विस १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली दाद मागण्यासाठी युरोपात गेले. लिस्बनमध्ये त्यांचा कायतान व्हितोरिनो फारिया यांच्याशी संबंध आला. कोलवाळचे हे गृहस्थ संसार सोडून पाद्री झाले होते आणि १७७१ मध्ये आपल्या मुलाला घेऊन पोर्तुगालला गेले होते. मुलगा जुझे कुस्तोदियो रोममध्ये शिकून १७८० मध्ये पाद्री झाला. याच मुलाची पुढे 'आबे फारिया' म्हणून संमोहनविद्येच्या इतिहासात नोंद झाली आणि पणजीत मांडवीकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. राणीपुढे प्रवचन देताना तो गांगरला तेव्हा बापाने 'कातर रे भाजी' (समोरचे सगळे भाजीच आहेत, काप) असे कोंकणीत पुटपुटून त्याला धीर दिला, ही दंतकथा गोव्यात घरोघर सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, राजदरबारात वावरणारे गोवेकर तेथे किती सावधपणे उभे असत, हे तिच्यातून कळते. रिकाम्या बिशपपदांवर गोव्याच्या पाद्रींचा विचार व्हावा ही कुतो-गोन्साल्विस यांची मागणी फळाला आली नाही. रिकाम्या हाताने ते परतले, आणि कटाची बोलणी त्यानंतर सुरू झाली.

या वेळी गोव्याचा गव्हर्नर होता फ्रान्सिस्को द कुन्हा इ मेनेझिश. तो ब्राझीलमधील साओ पावलोचा कारभार आटोपून १७८६ मध्ये आला होता. त्याच्या पुढ्यातील गोवा नुकतेच वाढलेले होते. १७६३ मध्ये फोंडा आणि १७८० च्या दशकाच्या आरंभी डिचोली व सत्तरी हे प्रदेश जोडले गेले होते. नव्या मुलखातील प्रजा बहुतांशी हिंदू, शेजारी मराठे आणि टिपू, आणि सैन्यात स्थानिक शिपाई व अधिकारी मोठ्या संख्येने. अशा स्थितीत जुन्या काबिजादीतील, म्हणजे आधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या मुलखातील, ख्रिस्ती प्रतिष्ठितच फितूर झाल्याची खबर आली, तेव्हा सरकारने तिला अत्यंत कठोर उत्तर दिले.

त्या उत्तरामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. पोर्तुगीज साम्राज्यात १६०३ ची फिलिपीय संहिता लागू होती. तिच्या पाचव्या ग्रंथातील सहावे प्रकरण राजद्रोहाविषयी आहे, आणि ते या गुन्ह्याची तुलना कुष्ठरोगाशी करते: रोग जसा सगळे शरीर व्यापतो आणि रोग्याच्या सान्निध्यात येणाऱ्यांना दूषित करतो, तसा हा गुन्हा वंशजांनाही कलंकित करतो. मृत्युदंडाबरोबर मालमत्तेची जप्ती आणि संततीची बेअब्रू ही शिक्षेचाच भाग होती. गोव्यात १५ जणांना मृत्युदंड झाला. १७८८ च्या डिसेंबरात पणजीत, आज जेथे मुख्य टपाल कार्यालय आहे त्या परिसरात, त्यांना जाहीरपणे मारण्यात आले आणि प्रेतांची विटंबना करून अवयव टांगण्यात आले. काही जणांना हद्दपारी झाली. पाद्रींना मात्र, धर्मगुरूंना असलेल्या विशेष संरक्षणामुळे, गोव्यात फासावर चढवले गेले नाही. त्यांना लिस्बनला रवाना करण्यात आले आणि तेथे खटल्याशिवाय तुरुंगात डांबण्यात आले. काहींची सुटका व्हायला सुमारे २० वर्षे लागली आणि काही आतच वारले. म्हणजे ज्यांना कटाचे सूत्रधार म्हटले गेले त्यांची सुनावणी झालीच नाही, आणि ज्यांना मारण्यात आले ते बहुतेक खालच्या फळीतले होते. ही गोष्ट मला या प्रकरणातील सर्वांत अन्यायाची वाटते.

आता रिव्हारांकडे वळू. पोर्तुगालमधील आरायोलुश येथे १८०९ मध्ये जन्मलेला हा मनुष्य शिक्षणाने वैद्य, पण वृत्तीने ग्रंथपाल होता. एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या हस्तलिखितांची सूची त्यांनी तयार केली. १८५५ मध्ये ते गोवा सरकारचे सरचिटणीस म्हणून आले, आणि जुने दप्तर त्यांच्या हाताशी आले. १८५८ मध्ये त्यांनी कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहून, पोर्तुगीज सत्तेने या भाषेची केलेली उपेक्षा स्पष्ट शब्दांत मांडली. गोव्याच्या अभिलेखागारातील कागद 'आर्किव्हो पोर्तुगेज ओरिएंताल' या मालेतून छापायलाही त्यांनी सुरुवात केली. पाद्रोआदोच्या वादात मात्र ते पोर्तुगालच्या हक्काचे कडवे समर्थक होते. ज्या हक्कामुळे बिशपपदे राजाच्या हाती राहिली, त्याच हक्काचा हा कैवारी होता, हे वाचकाने विसरू नये.

पुस्तक ज्या वेळी आले तो काळही बोलका आहे. रिव्हारा आले त्याच सुमारास सत्तरीतील दीपाजी राणे यांचे बंड शमले होते. त्याआधी १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हा गोवेकर प्रिफेक्ट म्हणून सर्वोच्च पदावर बसला, आणि लष्कराच्या उठावाने त्याला १७ दिवसांत पायउतार व्हावे लागले. १८७१ मध्ये गोव्यातील सैनिकांच्या असंतोषानंतर लिस्बनने येथील जुने सैन्यच बरखास्त केले. त्या घटनेनंतर चारच वर्षांनी, स्थानिक अधिकारी आणि पाद्री यांच्या राजद्रोहाचा वृत्तांत सरकारी छापखान्यातून निघाला, तेव्हा तो केवळ जुन्या गोष्टींची आवड म्हणून कोणी वाचला नसेल.

रिव्हारांचे मोठे काम हे की त्यांनी कागद प्रकाशात आणले. पण ते कागद फिर्यादीचे आहेत: चौकशीतील जबान्या, गव्हर्नरचा पत्रव्यवहार, न्यायालयाचा निकाल. जबान्या कोणत्या दडपणाखाली दिल्या गेल्या असतील याचा अंदाज शिक्षांवरून करता येतो. म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांत दोन तट दिसतात. काहींच्या मते हा पूर्ण तयारीचा स्वातंत्र्याचा उठाव होता. काहींच्या मते असंतुष्ट माणसांच्या बोलण्याला सरकारने कटाचे रूप दिले. टिपू सुलतानाशी संधान बांधल्याचा आरोप या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. टिपूने १७८४ मध्येच कानरा प्रांतातील हजारो ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले होते आणि ही वार्ता गोव्याच्या पाद्रींना चांगलीच ठाऊक होती. त्याच पाद्रींनी तीन वर्षांत त्याच्यावर भरवसा ठेवला असेल, हे मानण्यासाठी सरकारी तर्काहून भक्कम पुरावा हवा.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. हा कट फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रेरणेने झाला, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु राज्यक्रांती १७८९ ची आहे आणि अटका १७८७ च्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची वार्ता लिस्बनपर्यंत पोचलेली होती, एवढे म्हणता येते. खरी तुलना ब्राझीलशी होते. १७८९ मध्ये तेथील मिनास जेराइश प्रांतातही अंमलापूर्वीच फुटलेला कट, त्याच राणीचे राज्य, तीच संहिता, आणि १७९२ मध्ये कटातील तिरादेंतिश याला फाशी देऊन केलेले शरीराचे तुकडे. ब्राझीलने तिरादेंतिशला राष्ट्रवीर केले आणि २१ एप्रिल हा त्याच्या मृत्यूचा दिवस तेथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पणजीत मारल्या गेलेल्या १५ जणांची नावे आज गोव्यातही फारशी कोणाच्या ओठांवर नाहीत.

१९६१ नंतर लिहिल्या गेलेल्या गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासांत मात्र १७८७ च्या प्रकरणाला सत्तरीतील राणे घराण्याच्या बंडांच्या आधीचे स्थान मिळाले. पोर्तुगीज वाचणारी पिढी मागे पडत गेल्यावर, १९९६ मध्ये रिव्हारांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद नवी दिल्लीहून प्रसिद्ध झाला.