बीसीसीआयचे पहिले कसोटीपटू अध्यक्ष गांगुली नव्हेत

सौरव गांगुली 2019 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून या पदावर बसणारे ते पहिलेच कसोटीपटू होते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हा मान विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजेच ‘विझी’, यांचा असून ते 1954 ते 1956 या काळात अध्यक्ष होते. 1930-31 मध्ये जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांना खेळण्यासाठी भारतात आणणाऱ्या विझींनी 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात तीन कसोटींत भारताचे नेतृत्व केले, पण फलंदाज म्हणून त्यांना सहा डावांत मिळून 33 धावाच करता आल्या. त्याच दौऱ्यात, धावा आणि बळी दोन्ही मिळवत असलेल्या लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीआधीच मायदेशी धाडण्यात आले, आणि हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे. विझींचा विसर पडण्यामागे ही कटुताही असावी. तथापि नावडत्या माणसाचे नाव नोंदीतून गाळता येत नाही. शिवाय 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनील गावसकर (आयपीएलपुरते) आणि शिवलाल यादव (इतर कारभारासाठी) यांच्याकडे अध्यक्षपदाची हंगामी जबाबदारी सोपवली होती.