थुंब्याच्या सहलीआधी वर्गात एवढं करून घ्या

"रॉकेट उडताना दिसणार ना?" आम्ही शाळांच्या सहली नेतो, आणि थुंब्याच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक फोन इथूनच सुरू होतात. नाही दिसणार. चांद्रयान-३ उडालं ते आंध्रातल्या श्रीहरिकोट्याहून, बंगालच्या उपसागराच्या काठावरून. आपण जातो ते केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्याला, इस्रोचं अवकाश संग्रहालय बघायला. वर्गात नुसतं "इस्रोला चाललोय" एवढंच सांगितलं की मुलं उलटी गिनती ऐकायच्या तयारीने येतात. मग संग्रहालयातला पहिला अर्धा तास त्यांची समजूत काढण्यात जातो, आणि तो वेळ पुढे कुठेच भरून निघत नाही. परतीची गाडी आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून निघण्याआधी एक तास द्या. फळ्यावर भारताचा नकाशा काढा आणि विचारा: समुद्र आपल्याकडेही आहे, मग चांद्रयान रत्नागिरीहून का नाही सोडलं? दहा मिनिटं मुलांना भांडू द्या. मग सांगा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तापाशी ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने. पूर्वेकडे उडणाऱ्या यानाला हा वेग फुकट मिळतो. आपला समुद्र पश्चिमेला. इथून पूर्वेला सोडलं तर रॉकेटचे वाटेत सुटून पडणारे भाग सह्याद्रीपलीकडच्या वस्तीवर पडतील. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मोकळं पाणी आहे.

लगेच कुणीतरी हात वर करतं, "थुंबापण पश्चिमेलाच आहे की!" हा प्रश्न आला की तयारी झाली म्हणून समजा. थुंब्याची रॉकेटं पृथ्वीभोवती फिरायला जातच नाहीत. कैरीला मारलेल्या दगडासारखी वर जातात, जाता-येता वातावरणाची मोजमापं घेतात आणि समुद्रात पडतात. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा, थुंब्याजवळून जातं आणि तिथे साधारण १०० किमी उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायला ही जागा सोयीची. डॉ. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने २१ नोव्हेंबर १९६३ ला इथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकन होतं, नाइकी-अपाची. कोळ्यांच्या गावातलं सेंट मेरी मॅग्डालीन चर्च हेच तेव्हाचं कार्यालय, आज तिथेच संग्रहालय आहे. आपल्या किनाऱ्यावरची मुलं हमखास विचारतात, "मग त्या कोळ्यांचं काय झालं?" गाव हलवलं, नवं चर्च बांधून दिलं. हे जरूर सांगा, तारखांच्या यादीपेक्षा हेच त्यांच्या लक्षात राहतं.

तारखा घोकून घेऊ नका. घोकलेली मुलं तिथे रॉकेटकडे बघायचं सोडून वही भरत बसतात.

काही शाळा म्हणतात, "तयारीचा वर्ग वगळा आणि माणशी दर कमी करा." तसं आम्ही करत नाही. आमचा माणूस शाळेत येऊन हा तास घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. स्वस्तात नेणारे आहेत, नाही असं नाही. पण ते मुलांना नुसतं संग्रहालयाच्या दारापर्यंत पोचवतात. सर-मॅडमना स्वतः शिकवायचं असेल तर उत्तमच, नकाशा आणि टिपणं आम्ही पाठवू.

गाडी पावसाळी वेळापत्रकात अडकायला नको म्हणून आम्ही शक्यतो दिवाळीनंतरच नेतो. तारीख कळवताना वर्गाचा दिवसही त्याच पत्रात कळवा. मुलांची यादी शाळेच्या शिक्क्यासह आणि नावं ओळखपत्रावर आहेत तशीच हवीत. "बाळू", "चिंगी" चालत नाही.