लय पळवतंय कोण?

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गणपतीचा ऑर्केस्ट्रा घरचाच असतो आणि त्यात बेस गिटार, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार, माझ्याकडे. मागच्या वर्षी तालमीत ढोलकीवाले काका हात थांबवून म्हणाले, "लय पळतेय." मी लगेच कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. "त्याच्याकडे काय बघतोस? तू पळतोयस."

राग आला. बारा वर्षं वाजवतोय मी. पण फिजिक्स शिकवून पोट भरणाऱ्याने मोजल्याशिवाय भांडू नये. घरी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावला, फोनवर रेकॉर्ड केलं आणि ते लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. ८० ची लय म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ७५० मिलिसेकंद. आलेख ताणून मोठा केला की मेट्रोनोमची टिक सुईसारखी उभी दिसते आणि शेजारी बेसचा सूर फुगत जाताना दिसतो. माझा जवळजवळ प्रत्येक सूर टिकच्या आधी सुरू होत होता, सरासरी तीसेक मिलिसेकंद. वाजवताना मात्र अगदी ठोक्यावर आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं.

दिलासा एवढाच की हे माझ्या एकट्याचं नाही. टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं टिक पडायच्या थोडं आधीच आपटतात आणि आपलं बरोबर चाललंय असंच त्यांना वाटतं. मानसशास्त्रज्ञांना हे शंभरेक वर्षं ठाऊक आहे. संगीताचा रियाज असलेल्यांमध्ये ही तफावत कमी असते. एक मत असं, की बोटाच्या स्पर्शाचा निरोप मेंदूपर्यंत जायला कानाच्या निरोपापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन्ही निरोप एकदम पोचावेत म्हणून मेंदू बोट आधीच टाकतो. पायाने ठेका धरला की तफावत आणखी वाढते. पाय मेंदूपासून लांब, तेव्हा मला तरी हे पटतं.

बेस कुणाला ऐकू येतो, हा आमच्यातला जुना विनोद. तो अर्धाच खरा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक वरचा आणि एक खालचा सूर एकत्र ऐकवला. मधूनच त्यातला एखादा ५० मिलिसेकंद लवकर यायचा. खालचा सूर घाईने आला की मेंदूच्या विद्युत नोंदीत प्रतिसाद जास्त मोठा दिसे, आणि बोटाने ठेका धरणारेही त्याच्यामागे जास्त ओढले जात. म्हणजे कीबोर्डवाल्याची घाई खपून जाते, माझी नाही. ‘बेस चुकला’ असं प्रेक्षकांतलं कुणी म्हणत नाही, पण टाळ्या विस्कटतात.

लयीचं हे असं. आवाजाबद्दल तर मी त्याहून जास्त फसलो होतो. माझी ‘ए’ तार फार भरदार वाजते, असा माझा समज होता. ती तार ५५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनं. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे त्या सुराची लाट ६.४ मीटर लांब. माझी सिडकोतली खोली लांबीला साडेदहा फूट, म्हणजे ३.२ मीटर, बरोबर निम्मी! समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती लाट ठाण मांडून बसते. भिंतीजवळ सूर घुमतो आणि खोलीच्या मध्यावर पार पातळ होतो. मी कायम भिंतीला पाठ लावून बसायचो. भरदारपणाचं निम्मं श्रेय भिंतीचं होतं. हॉलमध्ये तीच तार चपटी वाजली तेव्हा मी ॲम्प्लिफायरला शिव्या घातल्या होत्या. (फोनच्या स्पीकरवर ऐकूनही हे कळायचं नाही. जाड ‘ई’ तारेचे ४१ हर्ट्झ त्या इवल्याशा स्पीकरला झेपत नाहीत. ८२ आणि १२३ हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून तो सूर मेंदूच भरून काढतो. हेडफोन लावावेत.)

माणूस स्वतःला आहे त्याहून भारी समजत असला की हमखास डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचं नाव निघतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या १९९९ च्या निबंधात तळातल्या चौथाईतल्या विद्यार्थ्यांचं खरं स्थान शंभरात खालून बाराव्या पायरीवर होतं, आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता बासष्टाव्या. थोडंसं कळताच आत्मविश्वास शिखरावर जातो असं दाखवणारा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो ‘मूर्खपणाचा डोंगर’ मात्र त्या निबंधात कुठेही नाही. शिवाय त्या आकड्यांमधला बराचसा भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, अशी टीकाही झाली आहे. माझ्यापुरतं म्हणायचं तर पायरीच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. मिलिसेकंद मोजता येतात, तेवढे पुरेत.

मात्र काय मोजायचं, हे मला उशिरा कळलं. सहा महिने दोन ठोक्यांच्या मधल्या जागाही मनात मोजत सराव केल्यावर माझी सरासरी बारा मिलिसेकंदांपर्यंत आली. मी खूश. आलेख घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "माझा नको काढूस."

मी आधीच काढला होता. मेट्रोनोम लावून केलेल्या तालमीत काका दर ठोक्याला टिकच्या पंधराएक मिलिसेकंद मागे होते. सरासरी पाहिली तर माझ्यापेक्षा वाईट. पण त्यांचे पंधरा म्हणजे कायम चौदा, पंधरा, सोळा. माझ्या बारात एक सूर टिकच्या चार मिलिसेकंद मागे आणि अंतऱ्यातून ध्रुवपदावर येताना, ‘ए’वरून ‘डी’ तारेवर उडी मारतानाचा, पंचेचाळीस पुढे.

त्या उडीवर पेनने गोल करून काकांनी कागद परत दिला.