धबधब्याचे एकवीस फोटो

परवा जुन्या सहलीचे फोटो चाळत होतो. एका धबधब्याचेच एकवीस निघाले, सगळे सारखे. पण तिथे उभा होतो ते काही केल्या आठवेना. त्याच दिवशी एका जुन्या दाराच्या कडीचा एकच फोटो काढला होता. तिच्यावर गंज कुठवर चढला होता, हाताला ती किती गार लागली, सगळं अजून लख्ख आठवतं.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवल्या! कॅमेऱ्याने टिपलंय, मग मेंदू कशाला कष्ट घेईल, असं आपण सहज म्हणून टाकू. पण २०१८ साली ज्युलिया सोअर्स आणि बेंजामिन स्टॉर्म यांना दिसलं की फोटो राहणार नाही हे माहीत असूनही विसर पडतोच. म्हणजे दुखणं बहुधा साठवणीचं नाही, लक्षाचं आहे.

हेन्केल यांच्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा विसर पडला नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा ध्यानात राहिला. माझ्या कडीचं गुपित हेच असावं. (एका कडीवरून सिद्धान्त मांडू नये, हे कबूल.) पुढे २०१७ मधल्या एका अभ्यासात, काय टिपायचं हे स्वतः ठरवणाऱ्यांना पाहिलेलं अधिक आठवलं, कानावर पडलेलं मात्र कमी. धबधब्याचा आवाज माझ्याकडे नाही, तो बहुधा असाच गेला.

फोटो नंतरही स्वस्थ बसत नाही. आठवण म्हणजे कपाटातली फाइल नव्हे. मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवतो आणि समोरचा फोटो त्या जुळवणीत हात घालतो. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २० जणांना त्यांच्याच बालपणीच्या, गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचा बनावट फोटो दाखवला. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत त्यांतल्या निम्म्यांना, कमीअधिक प्रमाणात, ती न घडलेली सफर 'आठवू' लागली होती.

धबधब्यापाशी मी हसतोय. तेव्हा मी खूश असणार, असं धरून चाललो होतो. बरोबरचा मित्र म्हणाला, "कसला खूश! बूट भिजले म्हणून तासभर कुरकुरत होतास."